थोरलीला कालवड हवी होती

थंडोबा, परवा तुमच्या शोकसभेत चार माणसं बोलली आणि चौघांनीही तुम्हाला देवमाणूस ठरवून टाकलं. मला तिथे बसवेना. तुम्ही गायी भरवणारे, हट्टी, चहा गोड झाला तर तोंडावर सांगणारे गृहस्थ होता आणि मला तसेच आवडत होता.

थंडोबा हे नाव ठेवलं आमच्या जाऊबाईंनी. स्कूटरच्या मागे गायींना भरायच्या बीजाच्या कांड्या गोठवून ठेवणारा नायट्रोजनचा तो जड डबा, झाकण काढलं की पांढरी वाफ, आणि गोठ्यात केवढीही धावपळ असो, तुमची चाल तीच. तुम्हाला नाव कळलं तेव्हा म्हणालात, "बरंय. निदान डॉक्टर तरी म्हणत नाहीत."

जाऊबाईंच्या गोठ्यात एकच गाय उरली होती, थोरली. तिला लागोपाठ तीन गोऱ्हे झालेले. शहरातल्या मुलानं बजावलं होतं, "ही आटली की गोठा बंद. मग तू माझ्याकडे यायचं." जाऊबाई म्हणाल्या, हिच्या पोटी कालवड झाली तर मी इथेच राहणार, नाही झाली तर मुकाट येईन. मला मात्र म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर मी काय कुंड्यांना चारा घालू?"

म्हणून त्यांनी तुमच्याकडे मादीची कांडी मागितली. नर आणि मादी होणारे शुक्राणू यंत्रानं वेगळे करून फक्त मादीचे भरलेली कांडी. तुम्ही साफ नाही म्हणालात.

"वहिनी, ती तरण्या कालवडींसाठी. तिच्यात बीज कमी असतं. थोरलीचं वय झालंय, राहील न राहील."

"पण राहिली तर कालवडच ना?"

"दहातल्या नऊ वेळा."

"मग घाला."

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना." हे मला.

मी म्हटलं, "मी आयुष्यभर कॉलेजात पोरांना समजावलं. जावेला समजावणं माझ्या विषयात नव्हतं."

शेवटी तुम्ही तयार झालात. थोरली सकाळी माजावर आली, जाऊबाईंनी लगेच फोन केला, आणि तुम्ही उगवलात दिवस मावळल्यावर. त्या फणफणत होत्या. ही कांडी नेहमीपेक्षाही उशिरा घालावी लागते, एवढंच तुम्ही म्हणालात, कांडी वितळवायच्या कोमट पाण्यात बोट घालून पाहिलंत आणि कामाला लागलात. जाताना बजावलंत, "तीन आठवड्यांनी नीट लक्ष ठेवा. उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर लगेच कळवा."

ती उलटली. गाय हंबरत होती आणि जाऊबाईंनी रेडिओ मोठा केला. भिंतीपलीकडे मला वाटलं, बाईला भजनाचा नाद लागला. असं त्यांनी तीनदा केलं. तुम्ही 'सांगितलं होतं ना' म्हणाल आणि मुलगा सामान बांधायला येईल, या धास्तीनं त्यांनी गावभर थोरली गाभण असल्याचं सांगून टाकलं.

तुम्ही तपासायला आलात तेव्हा मुलगाही नेमका तिथेच होता. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तुम्ही हात आत घातलात, बराच वेळ चाचपलंत. जाऊबाई खांबाला धरून उभ्या.

"रिकामी आहे," तुम्ही म्हणालात. मग मुलाकडे वळून, "वेळ साधली नाही मला. आईंची काही चूक नाही."

हे मात्र जाऊबाईंना सोसवलं नाही. "यांचं काही चुकलेलं नाही रे. ती उलटली होती. मीच लपवलं."

"कितीदा?" तुम्ही विचारलंत.

"तीनदा."

त्या दिवशी तुम्हाला मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. हातमोजा उपसून फेकलात. "मला फसवा वहिनी, मुलाला फसवा. त्या गायीनं तुम्हाला तीनदा हाक मारली आणि तुम्ही रेडिओ लावता?"

मुलानं तो हातमोजा उचलून बादलीत टाकला. मग म्हणाला, "आई, माझी एवढी भीती वाटते तुला?"

"तुझी नाही. तुझ्या जिन्याची."

तो हसला, पण डोळे पुसून. मग तुम्हालाच म्हणाला, "काका, अजून एकदा बघा. घाई नाही."

पुढच्या माजाला तुम्ही विचारलंत, साधी कांडी घालू का, राहण्याची शक्यता जास्त. जाऊबाईंनी थोरलीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मादीचीच. यावेळी ती राहिली. गाभण असल्याचंही तुम्हीच सांगितलंत, डाव्या हातानं तपासून, कारण उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. त्यानंतर तुम्ही डबा आणि स्कूटर दोन्ही सोडून मुलीकडे राहायला गेलात.

कालवड झाली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. जाऊबाई अजून इथेच आहेत आणि मुलगा महिन्यातून एकदा जिना उतरून येतो.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते कुणाही वक्त्याला ठाऊक नव्हतं. "बाई, इतकी वर्षं भरवली, पण वासरू बघायला कुणी बोलवत नाही हो. माझं काम आधीच संपलेलं असतं. ही एकदा दाखवा." स्कूटर तुम्हाला झेपत नव्हती. म्हटलं, गाडी घेऊन मीच येते तुम्हाला न्यायला. मग माझा मोतीबिंदू निघाला, मग तुमच्या खांद्याचे व्यायाम सुरू झाले. तुम्ही म्हणालात, डोळा बरा होऊ द्या, वासरू कुठे पळून जात नाही. डोळा बरा झाला. गाडीतही पेट्रोल भरून ठेवलं होतं. तुमच्या मुलीचं घर नाक्यावरून डावीकडे की उजवीकडे, तेवढं विचारायचं राहिलं होतं.