जास्तीचे चव्वेचाळीस किलो

एखाद्या कामाभोवती माणसं वर्षानुवर्षं जमत राहिली, की किस्से कानशीनं घासलेल्या लोखंडाच्या बुकणीसारखे साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. पण मग ते चहाच्या कपातसुद्धा सापडतात!

नवं बांधकाम माणसाचा बळी मागतं, ही कथा आपल्याकडे बुरुजाची, तळ्याची, पुलाची म्हणून सांगतात. भोपाळच्या कारखान्यांच्या परिसरात तीच कथा भट्टीची आणि टर्बाइनची होते. पाध्यांच्या विमानाची कथा ऐकणारे तिला याच कुळात टाकतात. मला ते वर्गीकरण घाईचं वाटतं. भोपाळ आणि आसपासच्या तीन वस्त्यांतली तिची तीन रूपं माझ्या कानांवर आली आहेत. मंडीदीपच्या रूपात विमान जमीन सोडतच नाही. आनंद नगरच्या रूपात ते इतकं उंच जातं, की दिसेनासं होतं. तुलसी नगरच्या रूपात पाध्यांच्या पत्नीनं आदल्या दिवशी शाप दिलेला असतो. हे शापाचं रूप सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत खोटं! चार वर्षं प्रत्येक रविवारी मी पाध्यांच्या गॅरेजमध्ये चहा प्यायलो आहे. तेव्हा जे घडलं, ते क्रमानं सांगतो.

*

मनोहर पाध्ये यंत्रांच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. विमान चालवण्याचा परवाना त्यांनी तरुणपणीच काढला होता आणि स्वतः बांधलेलं विमान उडवायचं, एवढी एकच इच्छा उराशी धरून नोकरी संपवली होती. आनंद नगरच्या घरामागचं गॅरेज त्यांनी त्यासाठी मोकळं केलं. त्यांच्या हाताखाली पूर्वी फिटर असलेले अमरावतीचे गुल्हाने मदतीला आले. वेल्डिंगसाठी मंडीदीपहून शकीलभाई येऊ लागले.

इंजिन एका जुन्या परदेशी मोटारीचं, कबाड्याकडून आणलेलं होतं, रोटरी जातीचं. आत पिस्टन नसतात. एक तिकोनी लोखंड गरगर फिरतं आणि भसाभसा पेट्रोल पितं. पाध्यांनी मोठ्या अभिमानानं झाकण काढून दाखवलं. शकीलभाईंनी आत वाकून पाहिलं, मागून पाहिलं, मग खालीही पाहिलं.

“को खाँ,” त्यांनी भोपाळी ढंगात विचारलं, “पिस्टन कहाँ हैं?”

“नाहीतच. हेच तर त्याचं वैशिष्ट्य!”

शकीलभाई गंभीर झाले. “पाध्ये साब, आज इतवार है, कबाड़ी बंद होगा. कल सुबह चलेंगे. बाक़ी आधा इंजन भी उसी के पास पड़ा होगा!”

*

पंख तयार झाले तेव्हा गॅरेजमध्ये जागा उरली नव्हती. ते पाध्यांच्या शयनगृहात गेले, एक भिंतीला टेकून आणि दुसरा पलंगाच्या कडेनं. पाध्यांच्या पत्नी नलिनीवहिनी सात महिने त्या पंखाच्या आणि पाध्यांच्या मधे झोपल्या.

नागपूरहून आलेल्या त्यांच्या बहिणीला हे पाहवेना. “अगं, सवत तरी बरी!”

“बरी कशी?” वहिनी म्हणाल्या. “सवतीनं रात्री कूस तरी बदलली असती. हा पंख मला कूस बदलू देत नाही!”

पहिल्या उड्डाणानंतर दुसऱ्या आसनावर पहिल्या बसणार त्याच, हे मात्र त्यांनी पाध्यांकडून कबूल करून घेतलं होतं. शापाची कथा सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

*

इंजिन पहिल्यांदा चालवलं, ते जमिनीत गाडलेल्या चौकटीवर. आवाज असा, की गल्लीतली कुत्री दोन दिवस परतली नाहीत. शेजारी तिवारीजी अंथरुणाला खिळलेले, नव्वदीचे. त्यांच्या मुलानं विनवलं, म्हणून चाचणीची वेळ ठरली: सकाळी दहा ते सव्वादहा. त्यापुढे एक मिनिट नाही.

एका सकाळी सव्वादहा वाजता इंजिन बंद झालं, तर कुंपणाशी मुलगा उभा होता. वडील पहाटेच गेले होते.

पाध्ये शरमेनं काळे पडले. “अरे, सांगायचं होतंस. मी चालूच केलं नसतं.”

“नहीं अंकलजी,” तो म्हणाला. “दस बजे रिश्तेदार रोना शुरू करने वाले थे. पंद्रह मिनट शांति मिल गई.”

*

हवाई परवान्यासाठी दर वर्षी प्रकृतीची तपासणी करावी लागते. शेवटच्या तपासणीला पाध्यांबरोबर मी गेलो होतो. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख दोनदा काढला, चष्मा पुसला आणि सही केली.

“पाध्ये, या वर्षाचं प्रमाणपत्र घ्या. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका.”

“रागावलात?”

“नाही. तेव्हा मला खरं लिहावं लागेल.”

बाहेर आल्यावर पाध्ये बराच वेळ स्कूटरची किल्ली शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती. उड्डाणासाठी हातात आता बारा महिने होते. सगळ्या परवानग्या हाती येईपर्यंत त्यातले अकरा गेले.

*

आता वजनाचा किस्सा. या मंडळींना ओळखायचं असेल, तर तो ऐकलाच पाहिजे.

उड्डाणाआधी रिकामं विमान तोलतात. नकाशाप्रमाणे ते दोनशे नव्वद किलो भरायला हवं होतं. धान्य बाजारातून तीन काटे आणले आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. बेरीज आली तीनशे चौतीस!

“काटे खराब,” गुल्हाने म्हणाले. ते स्वतः तिन्ही काट्यांवर आळीपाळीनं उभे राहिले. तिन्हींवर एकसष्ट. घरी त्यांचं वजन तेवढंच भरायचं.

चहा घेऊन आलेल्या नलिनीवहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “कोणी काय घातलंय?”

इथं थोडं विवेचन हवं. ही माणसं उभं आयुष्य जमिनीत रोवलेल्या यंत्रांवर वाढलेली. तिथं जड म्हणजे भरवशाचं. नकाशात दहाचा बोल्ट असेल, तर जुना कारागीर गुपचूप बाराचा लावतो आणि तो आपला धर्म समजतो. कारखान्यात त्यानं कधी कोणाचं वाईट झालं नव्हतं.

“मी जी,” गुल्हाने शेवटी म्हणाले. “बोल्ट एक नंबर मोठे लावले. आन् बिजागऱ्यांना डबल पट्टी दिली. साहेब बसणार होते म्हणून.”

शकीलभाई जमिनीकडे बघत होते. “पाइप मोटा लिया मैंने. भाभीजी भी तो बैठतीं आगे चलके.”

सगळ्यांच्या नजरा पाध्यांकडे वळल्या. त्यांनी कान खाजवला. “इंजिनाखालची प्लेट मी जरा जाड घेतली आहे. दुसरा रेडिएटरही बसवला. पण तुम्ही दोघं नकाशाप्रमाणे करताय, असं मी धरून चाललो होतो!”

“आणि आम्ही धरलं, का साहेब तरी नकाशाप्रमाणं करत असतील!” गुल्हाने म्हणाले.

हसू आलं, पण ते कोणाच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही. सगळं उलगडून पुन्हा बांधायला सहा महिने लागले असते. प्रमाणपत्राचे उरले होते एकोणीस दिवस.

“दुसरं आसन काढा,” पाध्ये म्हणाले. “पेट्रोल दहाच लिटर भरा. एक फेरी मारतो आणि उतरतो.”

“दहा लिटरमध्ये किती फेऱ्या होतात?” वहिनींनी विचारलं.

“दोन, अगदी आरामात.”

वहिनींनी स्वतः पाना घेतला आणि आपलं आसन सोडवलं.

*

रायसेन रोडच्या पुढे एका खासगी धावपट्टीवर उड्डाण झालं. सकाळ स्वच्छ होती, वारा नव्हता. गुल्हान्यांनी मापानं दहा लिटर पेट्रोल ओतलं. पाध्ये आत बसले, हेडफोन लावला. वायरलेसचा दुसरा संच वहिनींच्या हातात होता.

“एकच फेरी,” वहिनी म्हणाल्या.

“एकच.”

विमानानं जवळजवळ सगळी धावपट्टी खाल्ली. मग ते उठलं. शकीलभाईंच्या तोंडून “या अल्लाह” निघालं, आणि गुल्हाने, जे कारखान्यात कधी हसताना दिसले नव्हते, नाचू लागले. विमान रुंद वळण घेऊन आमच्या डोक्यावरून गेलं. वायरलेसवर पाध्यांचा आवाज आला: “छान चाललंय. हात अगदी हलका लागतो.”

“एक झाली,” गुल्हान्यांनी घड्याळ पाहिलं. “उतरा आता, साहेब.”

विमान धावपट्टीच्या रेषेत आलं, खाली झुकलं. चाकं जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असतील. पाध्यांचा चेहरा दिसला. त्यांनी हात वर केला. तो हात कशासाठी होता, यावर आम्हा चौघांचं आजही एकमत नाही. मग इंजिनाचा आवाज वाढला आणि विमान पुन्हा वर चढलं.

“अहो, उतरा!” वहिनी वायरलेसमध्ये म्हणाल्या. “मनोहर, उतरा.”

पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. त्यात बोलणं नव्हतं.

दुसरी फेरी पहिल्यापेक्षा मोठी होती. धावपट्टीवरून जाताना या वेळी ते खाली झुकलंही नाही. शकीलभाई दोन्ही हात हलवत त्याच्या मागे धावत सुटले. गुल्हाने घड्याळाकडे बघत मिनिटं मोठ्यानं मोजू लागले. “पुरे करा,” वहिनी म्हणाल्या, पण त्यांना थांबता येईना.

तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर, शेतांच्या वर, इंजिनाचा आवाज बंद झाला. दहा लिटर संपले होते.

विमान शांतपणे, सरळ खाली येत गेलं आणि झाडांपलीकडे दिसेनासं झालं. आम्ही जीपनं पोचलो तेव्हा ते हरभऱ्याच्या शेतात उलटं पडलं होतं. शकीलभाईंनी सुरीनं पट्टे कापले. गुल्हान्यांनी आणि मी पाध्यांना बाहेर काढून जमिनीवर निजवलं. श्वास थांबलेला होता. नलिनीवहिनींनी त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला.