नारूची बैठक

डहाणूच्या खाडीकाठी मच्छीमारांची सोसायटी निघाली, तेव्हा तिच्या कारकुनाच्या जागेवर नारू तांडेल बसला. बसला म्हणजे बसायच्या प्रयत्नाला लागला. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या घरात जन्मूनही नारूला होडी लागायची. किनारा नजरेआड व्हायच्या आतच तो ओकू लागे, म्हणून बापाने त्याला सातवीपर्यंत शिकवून जमिनीवरच ठेवला होता. अंगाने मात्र तो डोलकाठीसारखा उंच. आणि सोसायटीला देणगीत मिळालेलं टेबल कुठल्याशा शाळेतलं, पोरांच्या मापाचं.

खुर्चीत बसला की नारूचे गुडघे टेबलाला ठेचायचे, पाय आडवे घेतले की भिंतीला आपटायचे. संध्याकाळी तो कमरेत वाकून घरी यायचा. बायको पुतळी म्हणायची, "अवो, तुम्ही हापिसात जाता का कुस्ती खेळायला?"

शेवटी नारूने वाणगावच्या मेव्हण्याकडून विटा आणून टेबलाच्या पायांखाली रचल्या. गुडघे सुटले, पण दौत हनुवटीशी आली. मग खुर्चीखालीही विटा रचल्या. आता पाय लोंबकळू लागले. पायांखाली त्याने मासळीची जुनी पाटी उपडी घातली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी गणूदादांनी हाक मारली, नारू उठायला गेला आणि त्याचा उजवा पाय पाटीतून आरपार गेला. तसाच, पायात पाटी घेऊन, खडखडत तो दादांच्या पुढ्यात उभा राहिला.

"हे काय रे?"

"काय नाय दादा. पाय टेकायची सोय केली होती."

घरी हे ऐकून पुतळी पोट धरून हसली. पण नवऱ्याची दयाही आली तिला. तलासरीच्या बाजारातून तिने सावरीचा कापूस आणला आणि नारूसाठी गुबगुबीत उशी शिवली. एवढंच, की शिवून झाल्यावर ती पावसाळ्यासाठी सुकवलेल्या बोंबलांच्या टोपल्यात ठेवली. घरात दुसरी कोरडी जागाच नव्हती.

उशीवर बसताच नारूच्या हाती स्वर्गच आला. सोबत मांजरंही आली. आधी एक, मग आख्ख्या बंदरावरची. नारू लिहायचा आणि पाठीमागून ती उशीला पंजे मारायची. नारूला त्याचं काही नव्हतं. कमर दुखत नव्हती ना, बस.

पण नेमके तेव्हाच ठाण्याहून एक मोठे साहेब सोसायटी बघायला आले. मान द्यावा म्हणून गणूदादांनी नारूची उशी उचलून साहेबांच्या खुर्चीवर घातली. नारू दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, ती नको."

"गप बस. पाहुण्यांना का लाकडावर बसवायचं?"

साहेब सहकारावर बोलू लागले. दोनचार वाक्यं झाली असतील, तोच एक बोका त्यांच्या मांडीवर चढला, दुसरी मांजर पाठीशी घुसली आणि तिसरीने कोटाचं टोक ओढायला घेतलं. साहेब "अरे, अरे" करत कोटातून हात सोडवून उठले. कोट मांजरीकडेच राहिला.

त्याच संध्याकाळी गणूदादांनी उशी, विटा, पाटी सगळं बाहेर काढायला लावलं. नारूला रडू यायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि मुकाट्याने जमिनीवर बसला. जाळं विणताना बाप बसायचा तसा, भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब सोडून. पाठीशी सुताचं पोतं, मांडीवर तुटक्या होडीची फळी आणि फळीवर कागद. दिवसभर लिहिलं, तरी कमर गप्प.

गंमत पुढेच झाली. टेबलापुढे अवघडून उभे राहणारे लोक आता नारूसमोर फतकल मारून बसू लागले. मासळी विकून परतणारी रूपी पाटी उतरवून तासभर बोलत बसायची. कुणी तंबाखू काढी, कुणी डुलकी. गणूदादा खेकसले, "हे हापिस आहे का चावडी?"

"दादा, तुम्हीपण बसून बघा की जरा," रूपी म्हणाली.

गणूदादा पोटाने मोठे, वयाने साठीचे. लोकांसमोर नाही म्हणवेना. भिंतीला टेकले, पाय पसरले आणि त्यांच्या तोंडून "आह" निघून गेलं. ते काही वेळाने घोरूच लागले. जाग आली तेव्हा मात्र पाय बधिर, उठता येईना. मग नारूने एक हात धरला, रूपीने दुसरा, बाकीच्यांनी मागून जोर लावला. किनाऱ्यावर होडी ओढतात तशी "होऽ हैसा, होऽ हैसा" करत सगळ्यांनी सेक्रेटरींना उभं केलं.

धोतर झटकत ते एवढंच म्हणाले, "नारू, उद्यापास्नं माझ्यासाठी पण एक पोतं टाकून ठेव."