डाव्या पंखांचं वजन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वीस वर्षं तो मी चालवतो. सकाळी साडेसातला यादी करतो: सूत, बंद पडलेले माग, गैरहजर कामगार, पाठवायचा माल. या वीस वर्षांत अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या टेबलाशी बसून एक चहा घेतलेला नाही. हातमागावर वाढलेला माणूस, ऑफिसात जीव रमत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग धाकट्या भावानं मागच्या रिकाम्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं, दोन्ही बाजूंना वर-खाली दोन पंख असलेलं. नकाशे मागवायचे आणि स्वतःच जोडायचं. हौस. पंखांच्या सांगाड्यांवर कापड चढवायची वेळ आली आणि अप्पा रोज नऊ वाजता तिकडं जाऊन बसू लागले. उजवे दोन पंख धाकटा शिवायचा, डावे दोन अप्पा. दोघांचं हसणं माझ्या टेबलापर्यंत यायचं. मी खिडकी लावून घ्यायचो.

एका रविवारी शेडमध्ये कुणी नसताना मी चारही पंख काट्यावर ठेवले. आमचा टॉवेल तोलूनच विकला जातो, त्यामुळं मला न तोलता चैन पडत नाही. डावे पंख प्रत्येकी चारशे ग्रॅमनं जड निघाले, म्हणजे विमान हवेत डावीकडं कलणार. कारण लगेच दिसलं. अप्पांनी प्रत्येक शिवणीला चादरीच्या काठासारखी दुहेरी दुमड घातली होती. सूत सुटू नये म्हणून जडलेली जन्माची सवय.

मी आकडे कागदावर लिहिले, घडी करून खिशात ठेवले आणि गप्प बसलो. बुधवारी चहाच्या वेळी, चार कामगार उभे असताना, कागद काढून मोठ्यानं वाचला.

अप्पांनी विचारलं, "कदी तोललंस?"

"रविवारी."

"आन् आज सांगतोस व्हय? ह्यात तुजा भाऊ बसनार हाय की."

मग त्यांनी ब्लेड मागितलं आणि स्वतःच शिवण उसवायला बसले.

आता एकेरी दुमडीनं पुन्हा शिवणं चाललंय. तोलायचं काम माझ्याकडं आलंय. रोज दहाला अप्पा माझ्या टेबलाशी येतात, उभ्यानंच आकडा विचारतात. चहा सांगू का, असं मी विचारतो. तिकडं सांगितलाय, म्हणतात, आणि जातात.