तपासणीची रंगीत तालीम

२ डिसेंबर १९८४. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि मी ते पायाने परतत होते. हे मुंबईहून आले आणि पायरीवर बसत म्हणाले, "हृदयात दोष निघालाय."

हे एका खासगी कंपनीचं छोटं विमान चालवत. वैमानिकाला ठरावीक मुदतीने सरकारी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. पास झाला तरच उड्डाण. यांच्या मित्रांत पद्धत अशी, की आधी एखाद्या खासगी केंद्रात सगळं शरीर तपासून घ्यायचं. त्याला ते रंगीत तालीम म्हणत. काही निघालंच, तर मुदतीआधी गुपचूप दुरुस्त करू, हा विचार.

तालमीत यांची स्ट्रेस टेस्ट बिघडलेली आली. म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला हृदयाचा आलेख. त्रास काहीच नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "डोंगर चढून येतो, दम लागत नाय. पट्ट्यावर चालला त आजारी? त्या पट्ट्यालाच दाखवा डाक्टरला."

जेवताना यांनी विचारलं, "सरकारी डॉक्टरांना नाही सांगितलं तर?"

"तुमच्या मागे माणसं बसतात ना?" मी म्हटलं.

यांनी सरकारी डॉक्टरांना सांगितलं. उड्डाण तिथेच थांबलं. आता दोष नाही हे आम्ही सिद्ध करायचं होतं. त्यासाठी अँजिओग्राफी हवी. मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी नेऊन, औषध सोडून फोटो काढतात.

मी रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टर बाहेर आले. "रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. पहिला निकाल फॉल्स पॉझिटिव्ह होता," म्हणजे आजार नसताना आहे असं दाखवणारा. मी खाली जाऊन चहा घेतला.

संध्याकाळी यांच्या खाटेजवळ डब्यातलं जेवण ताटात वाढलं. हे म्हणाले, "मीठ-चटणी विसरलीस होय?"

दोन्ही होती, ताटात डावीकडे, नेहमीच्या जागी. मी ताट फिरवलं. "आहे की," ते म्हणाले, आणि आता त्यांना भाजी सापडेना. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

नळी फिरवताना एक बारीक गुठळी सुटून मेंदूत गेली होती. स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटणं. डोळे शाबूत, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेना. "क्वचित होतं. आधी कल्पना दिली होती," डॉक्टर म्हणाले. दिली होती, खरं आहे. तेव्हा दुसरी वाट नव्हती.

भाताची पुढची लावणी झाली तरी नजर परतली नाही. शेवटी सरकारी डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय उत्तम आहे. पण या नजरेवर परवाना देता येणार नाही."

तुमच्या घरात वैमानिक असेल तर एवढं ऐका. छातीत दुखत असेल तर क्षणभर थांबू नका. पण काही होत नसताना, दुकानात मांडल्यासारख्या तपासण्या उचलू नका. आधी वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा, यात काही खोटं निघालं तर पुढे काय काय करावं लागेल? आम्ही विचारलं नाही. हे बोलतात, चालतात, मला ओळखतात. सगळ्यांचं एवढंही उरत नाही, हे मी त्या वॉर्डात पाहिलंय.

परवाना नाकारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना शिळफाट्यावर, मोठ्या रस्त्याला नेलं. घाटातून ट्रक उतरत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले आणि म्हटलं, "आधी मान पूर्ण डावीकडे वळवा. मग पाऊल." रस्ता ओलांडला. मग परत ओलांडायला लावला.