दूधही नको म्हटलं तेव्हा

दहावीच्या सुट्टीत मी दूध सोडलं. अकोल्यात आमच्या कॉलनीमागे एका गवळ्याचा गोठा होता आणि सकाळी बरणी घेऊन तिथून दूध आणायचं काम माझ्याकडे असायचं. त्याच्या एका म्हशीचं पारडू मेलं. काही दिवसांनी गेले, तर त्याच पारड्याच्या कातड्यात कुटार, म्हणजे भुसा, भरून त्यानं ते म्हशीपुढे टेकवून ठेवलेलं. म्हैस ते चाटत होती आणि तो धार काढत होता. "याच्याबिगर पान्हा सोडत नाई ते," त्यानं सहज सांगितलं. मी भरलेली बरणी घरी आणून ओट्यावर ठेवली. त्यातलं दूध मात्र माझ्या घशाखाली उतरलं नाही.

आईला पोटाचं कारण सांगितलं, ते चाललं. दही आणि तूप सुटलं, तेही चाललं. पण अंडी आणि मटण नको म्हणाले, तेव्हा घरातली हवाच बदलली. रविवारचं मटण बाबा स्वतः करायचे. आठवडाभर सरकारी कचेरीत मान मोडून काम करणारा माणूस त्या दिवशी मसाला भाजण्यापासून सगळं हौसेनं करी. त्यांनी वाढलेली वाटी मी बाजूला सरकवली.

"कोनी काही बोललं काय तुले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काहून?"

गोठ्यातलं सांगितलं तर हसतील, असं वाटलं. "मले नाही खावंसं वाटत," एवढंच म्हणाले.

बाबांनी आग्रह केला नाही. पण त्यानंतर जेवताना आमचं बोलणं बंद झालं. शेवटी आईनं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, की बाबा कॉलेजात असताना बौद्ध म्हणून त्यांना कोणी खोली देत नव्हतं, आणि तोंडावर कारण मात्र मटणाचं सांगत. "त्यायले वाटते, तुले आपली लाज वाटून राहिली," ती म्हणाली.

अकरावीला अमरावतीत प्रवेश मिळाला. राजापेठेत खोली पाहायला बाबा आणि मी गेलो. पहिलीच खोली मला आवडली. हवेशीर होती, क्लासही समोरच्या गल्लीत.

"खाण्याचं कसं हाये भाऊ?" घरमालकीणबाईंनी विचारलं. "आमच्या इथं अंडंसुद्धा चालत नाई."

"आमी खातो," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"आनं पोरगी?"

खोटं बोलायचं नव्हतं. तरी बाबांच्या शेजारी उभं राहून खरं सांगणं जड गेलं. "मी नाही खात."

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा आणला. मी कप घेतला नाही. "दूध चालत नाही मला."

"उपास हाये काय?"

"नाही. दही, तूप, काहीच घेत नाही."

"प्रसादाचंही नाई?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग बाबांकडे वळल्या. "कोन्या पंथाचे तुमी? रिद्धपूरवाले महानुभाव काय?"

बाबांनी कप खाली ठेवला. "नाई. बौद्ध."

बाईंनी पदर सारखा केला. "पोराले विचारून फोन करीन," त्या म्हणाल्या. नंबर मात्र मागितला नाही.

रस्त्यावर आल्यावर बाबा थांबले. "समजलं आता? तू कितीबी सोडलं तरी लोक विचारनारच."

"मी लोकांसाठी नाही सोडलं."

"मंग कोनासाठी?"

गाड्यांच्या गोंगाटात मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. कातडं, कुटार, चाटणारी म्हैस. रडू येईल अशी भीती होती, ते आलंच. बाबा ऐकत राहिले.

"तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही हसाल वाटलं."

ते हसले नाहीत. राग पुरता गेलाय असंही दिसेना. "मी मटन सोडनार नाई," ते म्हणाले.

"मी तसं म्हटलंच नाही."

आम्ही पुढची घरं पाहत फिरलो. दिवस कलता कलता एका निवृत्त उर्दू शिक्षकांच्या घरी वरची खोली मिळेलसं दिसलं. त्यांच्या बायकोनं माझ्या खाण्याबद्दल विचारलं. मी काय काय खात नाही ते भीत भीत सांगितलं. त्या गोंधळल्या. "तो फिर खाती क्या है बेटी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलू लागले. ज्वारीची भाकर, बिनतुपाचं वरण, शेंगदाण्याची चटणी, कोरा चहा, लिंबू पिळून. भाजीत मिरची जास्त. इतके महिने ते माझ्या ताटाकडे पाहतही नाहीत, असं मी समजत होते.

खोली तीच ठरली. खालच्या मजल्यावर कबाब तळले जायचे, वर मी भाकरी थापायचे, आणि त्यावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही.

पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांनी मटणाआधी वेगळ्या कढईत माझ्यासाठी वांग्याची भाजी केली. ती भलतीच खारट झाली होती. ते समोर बसून पाहत होते. मी पुन्हा वाढून घेतली.