तलवारवालीची मावशी

माझ्या कादंबरीच्या नायिकेला आई नव्हती, बाप नव्हता, गाव नव्हतं, आणि पहिल्या साठ पानांत ती एकदाही जेवली नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझ्या सासूबाईंच्या लक्षात आली, मेथी निवडता निवडता.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे कल्पनेतलं राज्य रचायला बसले तेव्हा आधी नकाशा काढला, नद्यांना उगम दिले, डोंगरांच्या उंच्या ठरवल्या आणि उरलेल्या जागेत माणसं टाकली. एक राक्षसराज नायिकेचं गाव जाळतो आणि तिला किल्ल्यात कोंडतो. ती पळते, पण तिची वाचा गेलेली असते. मग ती तलवार शिकते आणि शेवटी त्याला मारते. मध्ये एका प्रकरणात ती चांदण्यांच्या तळ्यात उतरून रात्रभर रडते आणि सकाळी बरी होऊन बाहेर येते. या तळ्यावर माझा फार जीव होता. पुण्याच्या एका प्रकाशकांनी सुरुवातीची प्रकरणं वाचून 'मनावरच्या जखमांचं चित्रण प्रभावी' असं कळवलं होतं, आणि ते वाक्य मी घरातल्या सगळ्यांना आणि दूधवाल्याला ऐकवून झालं होतं.

आमचं घर वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या टोकाला आहे, मागे शेत आणि दारात एक बकरी. सासरचे पिढ्यान्‌पिढ्या भाजीवाले. दुपारी भाजी अंगणात येते, बायका बसून जुड्या बांधतात आणि सकाळी सासूबाई त्या घेऊन वर्ध्याच्या बाजारात जातात. लग्नानंतर मीही बांधायला बसले होते. माझी जुडी उचलली की सुतळी हातात आणि मेथी खाली. "तुह्या जुडीनं गिऱ्हाईक पळते," सासूबाई म्हणाल्या. "तू आपली वाच काहीतरी." अशी मी कामावरून कमी झाले आणि मला श्रोते मिळाले.

श्रोते तीन. एक सासूबाई. दुसऱ्या शेजारच्या काकू, ज्यांना मत नाही असा विषय मला अजून सापडलेला नाही. आणि तिसऱ्या माझ्या मोठ्या नणंद, ज्यांना मी ताई म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्या तळेगावकडच्या त्यांच्या सासरहून एक पिशवी घेऊन आल्या आणि राहिल्या. 'आराम करायला आल्या आहेत' असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. दोन वर्षं कोणी आराम करत नाही, आणि ताई तर घरात सगळ्यांत जास्त राबत होत्या. फक्त फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. तिकडे काय झालं ते त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. विचारलं तर त्यांना दुखेल असं आम्ही एकमेकींना सांगायचो. खरं तर उत्तर ऐकायला आम्हीच घाबरत होतो.

तर वाचन सुरू झालं. गाव जळलं. नायिका रानोमाळ भटकू लागली.

"सकाळपासून तिनं खाल्लं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तिचं गाव जळलंय."

"म्हून तं इचारून राह्यली. गाव जळलं तं चूलबी जळली असन ना."

काकूंनी माझा नकाशा हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाल्या, "हे सारे तलवारी घेऊन फिरून राह्यले. मंग भाजी कोण लावते?"

मी त्यांना पर्जन्यमान समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मग तळं आलं. मी आवाज थोडा कापरा करून वाचलं, कारण तसं वाचायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. वाचून थांबले. मला वाटलं, लागलं यांना.

"ओल्या कपड्यानं रातभर बसली?" सासूबाई म्हणाल्या. "सर्दी नाई झाली तिले?"

"आई, ती बरी झाली. मनाने."

"एका रातीत?"

"माह्या गुडघ्याले चार वर्षं झाले," काकू म्हणाल्या, "अन तिचं मन एका रातीत."

ताई मान खाली घालून बांधत होत्या. त्यांच्या जुड्या आमच्या सगळ्यांपेक्षा सारख्या असतात, तशाच त्या दिवशीही होत्या.

खरी बैठक नायिकेच्या नातेवाइकांवरून बसली. आई-बाप मेले हे सासूबाईंनी कसंबसं मान्य केलं, पण पुढे त्या हटेनात. "मामा नाई का? मावशी नाई का? असं कसं कोणीच नाई?" मी सांगितलं की अशा कथांमध्ये नायिका अनाथच असते, ती रीतच आहे. "कोणी पाडली रीत? माणसानं पाडली असन," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. घरात शांतता नांदावी म्हणून मी नायिकेला एक मावशी दिली. मावशीने तिला घरात घेतलं, ज्वारीच्या कण्यांची आंबील पाजली, डोक्याला तेल लावून जटा सोडवल्या, झोपू दिलं. तीन महिने कादंबरीत याशिवाय काहीही घडलं नाही. "आता कुठं गोष्ट पुढं सरकून राह्यली," सासूबाई म्हणाल्या. प्रकाशकांनी मात्र मावशीमुळे गती मंदावल्याचं कळवलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी त्यांच्या लग्नाविषयी चौकशी केली, आणि ते अविवाहित आहेत हे कळल्यावर त्यांना माफ केलं.

यानंतर जे झालं त्यात माझा दोष नाही. सासूबाई बाजारात रिकाम्या बसल्या की शेजारच्या भाजीवाल्यांना माझी कथा सांगू लागल्या. राक्षस त्यांना आवडत नसे म्हणून तो गाळला. किल्ला गाळला. नकाशा तर गाळलाच. उरलं ते असं: "एक पोरगी हाय. लय भोगलं तिनं. बोलत नाई. आता मावशीपाशी हाय." ऐकणाऱ्यांना ती आमच्या नात्यातलीच कोणी वाटली. मग एकेक वस्तू घरी यायला लागली. डिंकाचे लाडू. तोंडाला चव यावी म्हणून लिंबाचं लोणचं. कुठल्यातरी पाल्याचं तेल, आणि ते टाळूवर कसं चोळायचं याचा तोंडी निरोप. एक जांभळं स्वेटर.

मी म्हटलं, "आई, हे परत करा."

"अन सांगू काय? पोरगी कागदावरची हाय म्हून?"

लाडू आम्ही खाल्ले. स्वेटर ताईंना बरोबर झालं. "कोणाचं हाय?" त्यांनी विचारलं. "तलवारवालीचं," सासूबाई म्हणाल्या. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहत होते, आणि मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाचच भांडी आवरली.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. आमच्या घरी कोठीची खोली बाहेरून कडी घालून बंद करतात. कोणी ती कडी सरकवली की ताईंचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. भाकरी थापता थापता थांबायचा. हे मी पाहिलं होतं. पाहून मी काय केलं? त्यांच्याजवळ जाऊन बसले नाही. वहीत लिहून घेतलं. नायिका किल्ल्यात कोंडलेली आहे ते प्रकरण मी त्यावर उभं केलं, आणि प्रकाशकांना जी जखम प्रभावी वाटली ती हीच. मला त्याचा अभिमानही होता आणि शरमही वाटत होती. अंगणात वाचताना ते प्रकरण मी गाळलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझी कथा मुळातच कुठून कुठे उडी मारते असं तिघींचं मत होतं. (हे सगळं इथे लिहिण्याआधी मी ताईंना विचारलं आहे. कादंबरीच्या वेळी विचारलं नव्हतं.)

हिवाळ्यात पाचवीच्या वर्गावर ओरडून ओरडून माझा घसा पूर्ण बसला. मी खुणेनेच सांगितलं, आज वाचन नाही. ताईंनी हात पुसले. "दे इकडं," म्हणाल्या, आणि माझ्या हातून वही घेतली. मी खूण ठेवली होती ते पान उघडलं, जरा मागे चाळलं. "हे तं राह्यलंच," म्हणाल्या, आणि किल्ल्याचं प्रकरण वाचू लागल्या.

मी दोन्ही हात हलवले. सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला.

ताई सावकाश, शाळेतल्यासारख्या वाचत होत्या. बाहेरून कडी पडते. नायिका दारावर धडका मारते, किंकाळ्या फोडते, तिच्या हातांतून रक्त येतं. तिथे ताई थांबल्या.

"हे असं नसते," त्या म्हणाल्या.

त्यांनी वही माझ्याकडे परत दिली.

"पहिल्या दिवशी माणूस दार नाई वाजवत. वाटते, चुकून लागली असन. आवाज द्यायची लाज वाटते, शेजारचे आयकतीन म्हून. मंग माणूस आतच काम काढते. मी डब्बे घासले. सारे डब्बे घासले. तिसऱ्या दिवशी घासाले डब्बे नाई उरले, तवा वाजवलं."

काकूंनी हातातली मेथी खाली ठेवली. सासूबाईंच्या हातातली जुडी बांधून झाली होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"कधी एक. कधी चार. असे पाच वर्षं."

"अन मी तुले फोनवर म्हणत होती, सांभाळून घे."

"हो, माय. म्हणत होती."

ताईंच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आल्या. कोठीच्या दाराची कडी त्यांनी काढली. मग न्हाणीची. मग देवघराची, जिला बाहेरून कडी का होती हे कोणालाच माहीत नव्हतं. काकू मागे मागे जाऊन स्क्रू पदरात गोळा करत होत्या. सासूबाई रडत होत्या आणि रडता रडता गंजलेल्या स्क्रूला नावं ठेवत होत्या. शेवटी त्या बकरीच्या खोलीकडे वळल्या.

"माय, बकरीची तं राहू दे," ताई म्हणाल्या.

"कोणालेच नाई कोंडायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि तीही काढली.

बकरी बाहेर आली आणि सरळ अंगणातल्या जुड्यांवर गेली. तिला हाकलायला आवाज माझ्यापाशी नव्हता आणि बाकीच्यांना भान नव्हतं. निम्मी मेथी गेली.

काकू घरी गेल्या, सासूबाई आत जाऊन पडल्या. उरलेल्या जुड्या ताई नव्याने बांधायला बसल्या. मी शेजारी बसले. घशातून फक्त हवा येत होती, तरी म्हटलं, "ताई, तुम्हाला न विचारता लिहिलं मी. चुकलं माझं."

"इचारलं असतं तं मी सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या.

मला जरा हलकं वाटलं. मग त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तरी इचारायचं होतं. कोणीतरी इचारायचं होतं."

मी विचारलं. माझं मलाही ऐकू येत नव्हतं इतक्या बारीक आवाजात विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. अंगणातलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत त्या सांगत होत्या. वही माझ्या मांडीवर उघडीच होती. मी एक शब्दही लिहिला नाही.