थांबवलेली गाडी

शहागंजातल्या आमच्या चहाच्या हाटेलात तो म्हातारा नौसैनिक आला की मालक गल्ल्यावरून उठायचा. "आओ फौजी साब, बैठो!" पंख्याखालची माझी रोजची जागा त्याला मिळायची. मी जन्मभर एसटी चालवली, पण माझ्यासाठी कधी कुणी बाकावर सरकलंसुद्धा नाही.

तो खाली मान घालून बशीतला चहा फुंकत बसायचा. लढाईत बरोबरचं जहाज टॉर्पेडोनं बुडताना त्यानं पाहिलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. जास्त विचारलं की टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसत राहायचा. काही न सांगता एवढा मान! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मला राहवलं नाही. मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "माणसं आम्हीबी वाचवली. गंगापूरच्या रस्त्याला जीप उलटली होती. भरलेली एसटी थांबवली, जखमी आत घेतले आन् सरळ दवाखान्यात नेले. आम्हाला कोण विचारतंय?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तुम्ही थांबलात?"

"व्हय. मग काय करणार?"

"आमची पोरं पाण्यात हात वर करत होती, भाऊ. शत्रूची पाणबुडी अजून खालीच होती. थांबायचं नाही, असा हुकूम आला. आम्ही निघून आलो."

आता तो आला की माझ्याच बाकावर बसतो आणि हळूच म्हणतो, "सांगा भाऊ, गाडी कशी थांबवली?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. सांगत असताना तो माझ्याकडं अगदी तसाच बघतो, जसा मी इतके दिवस त्याच्याकडं बघत होतो.